ट्रस्ट कुणासाठी? गरिबांसाठी की घरच्यांसाठी?

गेल्या रमजानमध्ये ओळखीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. म्हणाले, "भाई, एक ट्रस्ट काढतोय. मी अध्यक्ष, बायको खजिनदार, मुलगा सचिव. गरीब मुलांच्या वसतिगृहासाठी जकात गोळा करू. टॅक्स वाचेल, पोराला पगार सुरू होईल. यात बेकायदा काही नाही ना?"

मी विचारले, "आणि गरीब मुले?"

"तेही बघू की!"

प्रश्न त्यांनी विचारला म्हणून त्यांचे आभारच मानायला हवेत. अनेकजण न विचारताच हे करतात.

आधी एक गैरसमज दूर करू. संस्थेत काम करून पगार घेणे हा गुन्हा नाही. कुरआनमध्ये जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत जकात गोळा करणारे कर्मचारीही आहेत. आयकर कायदाही विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला केलेल्या कामाचा वाजवी मोबदला देऊ देतो. मात्र काम खरे हवे, मोबदला वाजवी हवा आणि हिशेब उघडा हवा.

याच्या पलीकडे गेले की कायदा आडवा येतो. ट्रस्टच्या पैशाचा किंवा मालमत्तेचा फायदा संस्थापक, विश्वस्त किंवा त्यांच्या नातेवाइकांना झाला, तर तेवढ्या रकमेवरची करसवलत जाते. वर तेवढाच दंड होऊ शकतो, पुन्हा तसेच केले तर दुप्पट. विश्वासाने सोपवलेला पैसा बेइमानीने स्वतःकडे वळवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी गुन्हा आहे. त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

"मग आपल्यात औलादीसाठी वक्फ चालतो तो कसा?" असे ते गृहस्थ म्हणाले. प्रश्न बिनतोड वाटतो, पण तसा नाही. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने असा एक कौटुंबिक वक्फ रद्द ठरवला होता, कारण त्यात दानधर्म फक्त नावाला होता. पुढे जिनांच्या प्रयत्नाने १९१३चा कायदा आला आणि कौटुंबिक वक्फ वैध झाला. अट एकच, शेवटी लाभ गरिबांना किंवा धर्मकार्याला कायमचा मिळाला पाहिजे. पण तिथे माणूस स्वतःची मालमत्ता देतो आणि मुलाबाळांचा वाटा उघडपणे लिहून ठेवतो. स्वतःच्या कमाईतून औलादीची सोय करणे वेगळे आणि शेजारच्या विधवेच्या जकातीतून करणे वेगळे.

दोष फक्त त्यांचा नाही. मीही वर्षानुवर्षे पावती खिशात घालून गप्प बसलो. नेकीचे काम आहे, हिशेब काय मागायचा, हा आपला भाबडेपणा अशा लोकांच्या पथ्यावर पडतो. हिशेब मागणे म्हणजे बदगुमानी नव्हे. अमानत आहे, तर तिचा हिशेब असणारच.

महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्टची नोंद १९५०च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. देणगी देण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा, विश्वस्त कोण आहेत ते बघा, लेखापरीक्षण अहवाल मागा. गैरव्यवहार दिसला तर लेखी तक्रार करा. कलम ४१ड नुसार विश्वस्ताला निलंबित करता येते, काढूनही टाकता येते. ट्रस्टशी हितसंबंध असलेल्या दोन व्यक्ती आयुक्तांच्या लेखी परवानगीने कलम ५० खाली दावाही लावू शकतात. संस्था वक्फ म्हणून नोंदलेली असेल तर दार वक्फ मंडळाचे ठोठवायचे.

ते गृहस्थ नाराज होऊन गेले. जाताना म्हणाले, "तुम्ही समाजाचे काम अडवताय."

समाजाचे काम अडते ते अशा ट्रस्टमुळे. एका घराने वसतिगृहाचा पैसा खाल्ला की पुढच्या दहा प्रामाणिक संस्थांसमोर लोक हात आखडता घेतात, आणि फी न भरता आल्याने शाळा सोडणारा मुलगा आपल्याच मोहल्ल्यातला असतो. येत्या रमजानमध्ये जकात देताना निदान एक प्रश्न विचारू या: मागच्या वर्षीचा हिशेब कुठे आहे?