खिमा मशीन भंगारात देण्यापूर्वी

बकरी ईद जवळ आली की बारामती-इंदापूरकडच्या आपल्या घरांत माळ्यावरून एक जड वस्तू खाली उतरायची. टेबलाच्या कडेला आवळून बसवायची, हाताने फिरवायची खिमा मशीन. आता घराची वाटणी झाली की ती किलोच्या भावाने भंगारात जाते. आम्हाला हे पटत नाही.

१८१७ साली सायकलचा पूर्वज बनवणारे जर्मनीचे कार्ल ड्राइस, त्यांनाच या मशीनचेही श्रेय देतात. त्याआधी सुरा आणि ओंडका, कबाबासाठी पाटा-वरवंटा. तो हात आता कोणाला आहे?

मिक्सर आहेच, असे सुना म्हणतात. पण मिक्सरचे पाते तेच मांस पुन्हा पुन्हा घुसळते. ते गरम होऊन त्याचा लगदा होतो. हातमशीनमध्ये मळसूत्र मांस पुढे ढकलते, चार पात्यांची सुरी ते कापते आणि जाळीतून ते लगेच बाहेर पडते. वीज गेली तरी काम अडत नाही. मात्र सुरीची सपाट बाजू जाळीकडेच हवी. ती उलटी बसली की मांस नुसते चेपते, आणि आपण म्हणतो मशीन बोथट झाली! मांस गार असावे, शिरा-पडदे काढलेले असावेत.

शेवटी शिळ्या पावाचा तुकडा फिरवावा, सगळे भाग सुटे करून गरम पाण्याने धुवावेत, कोरडे करून तेलाचा हात द्यावा. कथलाचा मुलामा उडून आत गंज धरला असेल, तर मात्र वापरू नये. मांसाच्या वरवरचे जंतू खिम्यात आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिमा त्याच दिवशी आणि पूर्ण शिजवावा.

कुर्बानीचे हिस्से करताना दात नसलेल्या दादी-नानींनाही आपण हाडाचेच तुकडे पाठवतो. त्यांना चावत नाही, आणि खिमा मागायचा संकोच वाटतो. त्यांचा वाटा खिमा करूनच पाठवावा. मूठ मुलांनी फिरवावी. दिवसभर चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईच्या खांद्यावर हेही काम कशाला?

मोहल्ल्यात एक मशीन असली तरी पुरते. पूर्वी ती पाच घरे फिरून रात्री परत यायची, कधी जाळी कुठेतरी विसरून. जाळीवर खिळ्याने आपली खूण कोरून ठेवावी.