नवस राहू द्या, केसपेपरही काढा

बुधवारी माहीम चर्चसमोरची वाहतूक का खोळंबते, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते आणि तिला ख्रिस्ती नसलेलेही मोठ्या संख्येने येतात. जवळच मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे, लेडी जमशेटजी मार्गावर शीतलादेवीचे मंदिर. या तिन्ही ठिकाणची मागणी फारशी वेगळी नसते. नोकरी, लग्न, मूलबाळ, घर. आणि त्यांच्या आडून आलेली आणखी काही दुखणी. झोप लागत नाही. जीव घाबरा होतो. मुलगा महिनोन्महिने कुणाशी बोलत नाही. सुनेला बाहेरचे काही झाले असावे.

मानसिक आजार लोक लपवतात, असे नेहमी म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. शेजाऱ्यांपासून आणि डॉक्टरांपासून लपवलेले दुःख देवापुढे मोकळे होते. अडचण आहे ती त्याला पुढची वाट न मिळण्याची. बंगळूरच्या ‘निमहान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील दर दहा प्रौढांपैकी साधारण एकाला मानसिक आजार असतो आणि आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात.

यावर श्रद्धेची टिंगल करणे हा उपाय नव्हे. प्रार्थनास्थळी माणसाला जे मिळते ते खरे असते: कुणीतरी ऐकून घेतल्याची भावना, सोबत, आठवड्यातून एकदा घराबाहेर पडण्याचे निमित्त. ताणाच्या दिवसांत एवढ्यानेही पुष्कळांना तग धरता येतो. मात्र तीव्र नैराश्य, स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार केवळ धीराने बरे होत नाहीत. तेथे औषधे आणि समुपदेशन लागते आणि उशीर जितका जास्त, तितके सावरणे कठीण.

श्रद्धा आणि औषध एकत्र नांदू शकतात, याचा दाखला माहीममध्येच आहे. शीतला ही देवीच्या रोगाची देवता. रोगाला नावच ‘देवी’, आणि लस घेण्यालाही मराठीत ‘देवी टोचणे’ असेच म्हटले गेले. लसीला कुठे कुठे विरोध झाला. पण अखेर लोकांनी देवीला नैवेद्यही दाखवला आणि मुलांचे दंडही पुढे केले. १९७५ मध्ये देशातील देवीचा रोग संपला. देऊळ आजही आहे.

हे सामंजस्य नसते तेव्हा काय होते, हे तमिळनाडूतील एरवाडीने दाखवले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जणांचा जीव गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी घातली आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे. दुसरीकडे, गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. तेथे मुजावरच रुग्णाला मनोविकारतज्ज्ञाकडे जायला सांगतात. नातेवाईक ऐकतात, कारण सांगणारा त्यांच्या विश्वासातला असतो.

माहीममध्ये हे अशक्य नाही. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचे केईएम या पालिकेच्या दोन्ही रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत आणि दोन्ही माहीमपासून फार दूर नाहीत. चर्च, दर्गा आणि मंदिराच्या दाराशी या विभागांची माहिती आणि ‘टेलिमानस’चा क्रमांक लिहिलेला फलक लावायला कितीसा खर्च येईल? स्वयंसेवकांना गंभीर लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण देणेही अवघड नाही. पण फलकाने भागणार नाही. नोव्हेनेला आलेल्या माणसाला निवांत बसता येते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो काही मिनिटांत बाहेर पडतो आणि पुन्हा येत नाही. म्हणून पालिकेने वस्तीतल्या दवाखान्यातच समुपदेशक बसवायला हवेत.

घरच्यांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उदासी, झोप-भूक बिघडणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना दाखवावे. कानात आवाज येत असतील, विनाकारण संशय वाढत असेल, तर तेवढेही थांबू नये. मरणाची भाषा कुणी करत असेल, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पोलिसांच्या भीतीने गप्प बसू नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असेच २०१७ चा कायदा गृहीत धरतो आणि शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. कुठे जावे हे सुचत नसेल, तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे, मराठीतही बोलता येते.

नवस बोलणाऱ्याला ‘हे सोडा’ म्हटले की तो उठून जातो. ‘हे करा आणि उद्या सकाळी केसपेपरही काढू, मी येतो सोबत’ म्हटले, तर तो बहुधा येतो. आजारी माणसाला आधार म्हणतात तो हाच.