मोबाइललाही एक आवक वही हवी



पत्रलेखन शिकवताना आपण मुलांना काय सांगतो? वर दिनांक घाला, कोणाला लिहिताय ते लिहा, विषय एका ओळीत मांडा आणि खाली आपलं नाव विसरू नका. यातलं एक जरी राहिलं तरी आपण लाल पेनाने अर्धा गुण कापतो. आता आपल्याला स्वतःला दिवसभर मोबाइलवर जी पत्रं येतात ती आठवून बघा. 'सोबतच्या लिंकवर माहिती तात्काळ भरावी.' कोणती माहिती? कोणी भरायची? कधीपर्यंत? काही पत्ता नाही. खाली कोणीतरी विचारलेलं असतं, 'ही कालचीच लिंक का सर?' आणि त्याच्या खाली अठ्ठावीस अंगठे.

या ढिगाऱ्याबद्दल मला आज बोलायचं आहे, कारण मागच्या वर्षी त्यात माझ्याकडून एका मुलीचं नुकसान झालं.

आमची शाळा पाचवीपर्यंत, शिक्षक तीन. गावातली बरीच कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, मुलं आजी-आजोबांकडे राहतात. माझ्या चौथीतल्या एका मुलीचा एका योजनेचा अर्ज मी स्वतः ऑनलाइन भरला होता. तो त्रुटी काढून परत आला. पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक, आणि दुरुस्तीला सात दिवसांची मुदत. हा निरोप आला शाळेच्या ईमेलवर. आता शाळेचा ईमेल म्हणजे काय प्रकार असतो, ते तुम्हाला सांगायला नको. पासवर्ड एका जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर, ओटीपी जातो निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर, आणि ते दुपारी झोपलेले असतात. सगळंच व्हॉट्सॲपवर येतं म्हणून तो मेल कोणी उघडतही नव्हतं. मी उघडला तो बाराव्या दिवशी, तोही दुसऱ्याच कामासाठी. न वाचलेले मेल दोन हजारांच्या वर. त्यात जाहिराती, वेबिनारची आमंत्रणं, प्रमाणपत्रं, एकाच परिपत्रकाच्या चार-चार प्रती. आणि मधेच तो एक.

बरं, त्या निरोपाची आठवण व्हॉट्सॲपवरही आली होती हे नंतर कळलं. शोधलं तर सापडली. एका बाजूला कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, दुसऱ्या बाजूला सेवानिवृत्तीच्या शुभेच्छा, मधे ती दोन ओळींची सूचना. मी त्या दिवशी ती 'वाचलेली' होती. म्हणजे निळ्या खुणा झाल्या होत्या.

चैत्रात तिची आई परत आली आणि शाळेत येऊन दारातच उभी राहिली. भांडायला आली नव्हती. एवढंच म्हणाली, "बाई, बाकीच्या पोरींचं आलं, आमचंच कसं राहिलं?" रक्कम काही फार मोठी नव्हती. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. मेसेज खूप येतात हो, हे काय उत्तर आहे?

त्यानंतर एका गुरुवारी मी एक उद्योग केला. परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत आलेले सगळे मेसेज मोजले. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा, बीएलओचा, संघटनेचे दोन, प्रशिक्षणाच्या वेळी तयार झालेला आणि प्रशिक्षण संपलं तरी न मेलेला एक, शाळा व्यवस्थापन समितीचा, वर्गातल्या पालकांचा. एकूण १४३. त्यातले माझ्याकडून काही काम मागणारे नऊ. त्या नवातही एकच पत्र तीन ग्रुपवरून तीनदा आलं होतं, म्हणजे खरी कामं सात. त्यातल्या दोनांत मागितलेली माहिती आम्ही यू-डायसमध्ये आधीच भरलेली होती.

मी २०१० मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा टपाल कागदावर यायचं. केंद्रप्रमुख पिशवीतून गठ्ठा काढायचे, आमचे गुरुजी आवक नोंदवही पुढे ओढायचे, पत्राला क्रमांक पडायचा, दिनांक पडायचा, कोणाकडून आलं ते लिहिलं जायचं आणि शेवटच्या रकान्यात 'कार्यवाही'. तो रकाना रिकामा असला की डोळ्यांत खुपायचा. सगळं छान होतं असं नाही. मुदत संपल्यावर हातात पडलेली पत्रंही मी पाहिली आहेत. पण तेव्हा पत्र पाठवणाऱ्यालाही थोडे कष्ट होते. टाइप करा, प्रती काढा, माणूस पाठवा. त्यामुळे जे पाठवायचं ते विचार करून पाठवलं जायचं. आता पुढे ढकलायला एक बोट लागतं. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात. पाठवणाऱ्याचा अर्धा सेकंद जातो आणि वाचणाऱ्या हजार जणांची मिनिटं जातात. वर पुन्हा पाठवणाऱ्याची जबाबदारी संपली असं धरलं जातं. 'ग्रुपवर टाकलं होतं की!' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि खरं सांगा, म्हटलंयही.

चौथीच्या मुलांना घालता येईल असं एक उदाहरण सोडवू. समजा, तास चालू असताना बाई दिवसातून बारा वेळा फोन बघतात. एकदा बघितलं की वाचणं, उत्तर देणं आणि 'आपण कुठे होतो रे?' असं विचारून पुन्हा पाठाकडे येणं, याला तीन मिनिटं. दिवसाची ३६ मिनिटं झाली. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं. २०० दिवसांची झाली ७२०० मिनिटं, म्हणजे १२० तास. दिवसाचे चार तास धरले तर पूर्ण ३० दिवस. एक महिनाभर शाळा भरली, घंटा झाली, हजेरी झाली, खिचडी शिजली, आणि बाई वर्गात नव्हत्या!

त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामावर नेमू नये. पण मोबाइलवरून येणारं काम या कलमात बसवायचं कसं? मला कोणी कुठे नेमत नाही. मी हजेरीपटावर आहे, खुर्चीत आहे, खडू हातात आहे. फक्त लक्ष दुसरीकडे नेमलेलं आहे. 'आम्हाला शिकवू द्या' अशी घोषणा आपण मोर्चात दिली ती रास्तच होती. पण मोर्चाहून परतताना बसमध्ये आपणच त्याच ग्रुपवर चाळीस फोटो टाकले हेही आठवतं.

मी काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही. शंभर पानांची एक साधी वही घेतली आणि आवक नोंदवहीसारखे रकाने आखले. अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून, काय मागितलंय, कधीपर्यंत, कार्यवाही. फोन दिवसातून दोनदा बघायचा, परिपाठाच्या आधी पंधरा मिनिटं आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास. जो मेसेज काम मागतो तो वहीत चढवायचा. बाकीच्यांना नमस्कार. काम मागणारा मेसेज वहीत एका ओळीत बसवायला गेलं की लगेच कळतं, यात मुदतच लिहिलेली नाही किंवा माहिती कोणी द्यायची तेच नाही. मग तेवढंच विचारायचं. पहिल्या महिन्यात ६१ नोंदी झाल्या. एकसष्ट! मला वाटत होतं की शेकड्यांनी कामं आहेत. कामं कमी नाहीतच, पण गोंगाट कामाच्या कितीतरी पट आहे, हे त्या वहीने दाखवलं.

ईमेलचंही तसंच. गुरुजींच्या घरी जाऊन, चहा पिऊन, ओटीपीचा नंबर शाळेच्या सध्याच्या मुख्याध्यापकांच्या नावे करून घेतला. जीमेलमध्ये फिल्टर करता येतो. ठराविक पत्त्यांवरून आलेला मेल आपोआप वेगळ्या लेबलखाली जातो. आमच्याकडे 'कार्यालय' नावाचं लेबल आहे आणि ते सोमवारी व गुरुवारी आळीपाळीने एक जण उघडतो. जाहिरातीच्या मेलखाली 'अनसबस्क्राइब' असतं ते दाबायचं, नुसतं डिलीट करत बसायचं नाही. जुने दोन हजार मेल वाचत बसलो नाही. मुदती केव्हाच उलटून गेल्या होत्या. सगळे निवडून अर्काइव्हला टाकले. हात थरथरत होते, खोटं नाही सांगत.

'फोन कपाटात ठेवा' असं मी म्हणणार नाही, कारण ते आपल्याला जमणार नाही. पोषण आहाराची रोजची नोंद फोनवर आहे. पुस्तकातला क्यूआर कोड फोननेच उघडतो. म्हणून ग्रुप म्यूट केले, 'नेहमीसाठी' हा पर्याय निवडून, आणि अर्काइव्ह केले. नोंद करायला फोन हातात घेतला तरी ते लाल आकडे समोर दिसत नाहीत. मला त्या आकड्यांचंच व्यसन होतं. पहिले आठ दिवस रिकामा खिसा चाचपत होते.

केंद्रप्रमुखांना आधीच जाऊन सांगितलं, "सर, शाळेच्या वेळात मी ग्रुपवर नसेन. खरंच तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलीन." मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. ते हसले, स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचे नऊ ग्रुप, माझे सव्वीस." त्यांनाही वरून 'आजच, १२ वाजेपर्यंत' येतं आणि ते खाली ढकलतात. पण त्यांनी एक चांगली गोष्ट केली. काम मागणाऱ्या मेसेजच्या पहिल्या ओळीत कोणी, काय आणि कधीपर्यंत हे लिहायला लागले. दोन महिने फार सुख होतं. मग परीक्षेचे दिवस आले आणि पुन्हा 'तात्काळ' सुरू झालं. आणि फोन? वर्षभरात शाळेच्या वेळात तातडीचे म्हणून किती आले असतील? अकरा. एवढंच खरं तात्काळ होतं.

आता पालकहो, तुमच्याबद्दल. तक्रार करायच्या आधी माझाच हिशोब सांगते. वर्गाच्या ग्रुपवर मी काय काय टाकते ते मागे जाऊन पाहिलं. वेशभूषा स्पर्धेच्या रविवारी एका दिवसात २२ फोटो. गृहपाठ रात्री नऊनंतर. एका घरात एकच स्मार्टफोन, तो बापाबरोबर फडावर, आणि पोरगी इथे आजीजवळ. माझा गृहपाठ दीडशे किलोमीटरवर उसाच्या फडात वाजत होता! जे मला वरून येतं तेच मी खाली पाठवत होते, फक्त भाषा गोड होती.

म्हणून आता दिवसाला एकच मेसेज, साडेपाचच्या आत, वर दिनांक आणि विषय. फोटो महिन्यातून एकदा. गृहपाठ मुलाच्या वहीत, पेनने. तुमच्याकडून एकच मागणं आहे. त्या मेसेजखाली 'ओके मॅडम' लिहू नका. तीस 'ओके' खाली सूचना गाडली जाते आणि रात्री ड्युटीवरून आलेल्या बापाला ती वर सरकवत शोधावी लागते. तुम्ही वाचलं हे मला मुलाच्या वहीवरून कळतं. सही नसली तरी कळतं. आणि मूल आजारी असेल, घरात काही झालं असेल, तर सरळ फोन करा. ती गोष्ट ग्रुपवर टाकायची नसते.

माझ्या सहकाऱ्यांपैकी काहींना हे पटलेलं नाही. एक सर म्हणतात, "वही हा आणखी एक रजिस्टरचा ताप." त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, रजिस्टरं आपल्याकडे कमी नाहीतच. पण हे एकच रजिस्टर असं आहे जे मला कोणी मागितलेलं नाही आणि कोणी तपासणार नाही.

ती मुलगी आता पाचवीत आहे. या वर्षीचा तिचा अर्ज वहीत नोंद क्रमांक ४७ ला आहे. पासबुकावरचं नाव आम्ही दिवाळीआधीच, तिची आई इथे असताना, बँकेत जाऊन दुरुस्त करून घेतलं. अर्ज मंजूर झाल्याचा मेल परवा 'कार्यालय'मध्ये आला. पावती छापून कार्यवाहीच्या रकान्यात चिकटवली आहे. आजीला सांगितलं, आणि तिच्या वडिलांच्या नंबरवरही एक मेसेज पाठवलाय. फडावर रेंज नसावी. अजून एकच खूण दिसते आहे.