नेम चुकू नये म्हणून...

मैत्रिणींनो, कॅन्सरच्या उपचारांच्या बातम्या आता आपल्या जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचल्या आहेत. फेब्रुवारी 2025च्या केंद्रीय अर्थसंकल्पात येत्या तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली. सप्टेंबर 2025मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कॅन्सर उपचारांचे धोरण मंजूर केले. त्यात 18 रुग्णालयांची तीन पायऱ्यांची साखळी आखली आहे आणि जळगावचेही नाव आहे. बोदवडच्या बाईसाठी जळगाव म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी चुलीपाशी परत येण्याचे अंतर. ऐकून बरे वाटते.

पण डे-केअर म्हणजे मुख्यतः सलाईनमधून दिली जाणारी केमो. आपल्याकडे ज्याला 'शेक' किंवा 'लाईट घेणे' म्हणतात, तो किरणोपचार वेगळा. तो जाड भिंतींच्या खोलीतल्या मोठ्या मशीनवरच होतो. त्यासाठी आजही आपल्या भागातल्या बायका छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अकोला नाहीतर थेट मुंबई गाठतात. मशीन कुठे येणार, केव्हा येणार, किती कोटींचे येणार, यावर भरपूर चर्चा होते. ते मशीन रोज नेमक्या त्याच जागी किरण टाकते का, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचा भोग बाईच्या शरीराला पुढे कित्येक वर्षे भोगावा लागतो.

आधी हे काम चालते कसे ते पाहू. किरण कॅन्सरच्या पेशी मारतात, तसे वाटेत येणाऱ्या चांगल्या पेशींनाही इजा करतात. म्हणून एकदम मोठा डोस न देता तो वाटून देतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला साधारण 25 दिवस, आठवड्याला पाच. सुरुवातीला एकदा सीटी स्कॅन करून कुठून किती किरण टाकायचे याचा नकाशा काढतात. त्या दिवशी बाई जशी झोपली होती, तशीच ती पुढचे सगळे दिवस झोपली पाहिजे. त्यासाठी अंगावर शाईच्या खुणा करतात आणि भिंतींवरून येणाऱ्या लेझरच्या रेघा त्या खुणांवर जुळवतात.

पण खूण असते कातडीवर आणि रोग असतो आत. कातडी सरकते, पोट कमी-जास्त होते, माणूस बारीक होतो. म्हणून डॉक्टर रोगाच्या भोवती थोडी जास्तीची जागा धरून ठेवतात, साधारण अर्ध्या ते एक सेंटिमीटरची. आपल्या भाषेत ज्वारीच्या एक-दोन दाण्यांएवढी. शिवताना आपण शिलाईत माया सोडतो ना, तसेच. फरक एवढाच की इथली माया म्हणजे आतड्याचा, मूत्राशयाचा चांगला भाग असतो. नेम जितका पक्का, तितकी माया कमी आणि तितकी इजाही कमी.

याचा मोठा पुरावा आपल्याच राज्यातून आला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने 'पार्सर' नावाचा अभ्यास केला. त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे ऑपरेशन होऊन नंतर किरणोपचाराची गरज असलेल्या 300 बायका होत्या. निम्म्या बायकांना नेहमीच्या पद्धतीने किरण दिले. बाकीच्यांना किरणांचा आकार अवयवांप्रमाणे बदलून आणि मशीनवरच प्रतिमा काढून, जागा तपासून दिले. निष्कर्ष 2021मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास नेहमीच्या पद्धतीत 42 टक्के बायकांना झाला, तर नव्या पद्धतीत 21 टक्क्यांना. जुलाब कमी, जेवण बरे. रोग आटोक्यात राहण्याच्या बाबतीत मात्र दोन्हींत ठळक फरक नव्हता.

हे आकडे नीट वाचायला हवेत. यातले श्रेय फक्त जागा तपासण्याला देता येणार नाही, किरणांचा आकार बदलण्याचाही त्यात वाटा आहे. शिवाय जुन्या पद्धतीनेही रोग आटोक्यात येतो, तेव्हा तिच्यावर उपचार घेणाऱ्या बाईने घाबरून उपचार सोडू नयेत. पण जीव वाचल्यानंतर बाई जगते कशी, हाही प्रश्न आहेच. आतड्याचा त्रास लागलेली बाई लग्नाला जात नाही, एस.टी.त बसत नाही, शेतात मजुरीला जायला कचरते. शंभरातल्या बेचाळीस आणि शंभरातल्या एकवीस यांत हा फरक आहे.

आता त्या नेमातली आपली बाजू. ओटीपोटाच्या किरणोपचारात मूत्राशय किती भरले आहे यावर आतले अवयव जागा बदलतात. मूत्राशय भरलेले असले तर गर्भाशयाची जागा बदलते आणि आतडी वर सरकतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी सांगतात, आधी लघवीला जाऊन या, मग ठरावीक पाणी प्या आणि ठरावीक वेळ थांबा. रोज तसेच. ऐकायला सोपे आहे. पण आपल्या बायका प्रवासात पाणी पितात का? बचत गटातली एक जण शेक घ्यायला जात होती. मी तिला पाण्याचे विचारले तर म्हणाली, "माय वं, ताई, एवढं पाणी पिऊन मोटारीत कशी बसू? मधे उतरायचं कुठं?" ती सकाळपासून घोटभर पाण्यावर निघायची. शरीर असे सुकलेले असेल तर मशीनपाशी पोहोचून दोन ग्लास प्यायल्यावर मूत्राशय नकाशाच्या दिवशीसारखे भरेलच असे नाही. म्हणजे बसस्टँडवर स्वच्छ संडास नसणे आणि किरणांचा नेम चुकणे यांचा थेट संबंध आहे! कोट्यवधींच्या मशीनची अचूकता एका बंद दारापाशी अडते.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये हात डोक्याच्या वर घेऊन झोपावे लागते. ऑपरेशननंतर खांदा आखडला असेल तर हात रोज वेगळ्या कोनात राहतो. म्हणून खांद्याचे व्यायाम 'जमेल तेव्हा' करायचे नाहीत, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज करायचे. डाव्या बाजूचा रोग असेल तर काही ठिकाणी खोल श्वास घेऊन रोखून धरायला शिकवतात. त्याने हृदय छातीच्या भिंतीपासून दूर जाते आणि किरणांतून वाचते. हा सरावही घरी बसून करता येतो.

ब्रिटनमधल्या 'फास्ट-फॉरवर्ड' या अभ्यासाने 2020मध्ये दाखवले की सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरला 15 ऐवजी 5 बैठकाही पुरू शकतात. गावाहून येणाऱ्या बाईच्या दृष्टीने हे मोठेच. पण हिशेब करून पाहा. 25 बैठकांत एक दिवस म्हणजे 4 टक्के, 5 बैठकांत एक दिवस म्हणजे 20 टक्के. बैठका कमी होतील तसा प्रत्येक दिवसाचा नेम जास्त मोलाचा होईल.

तोंडाच्या कॅन्सरला चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात. गरम पाण्यात मऊ करून तो चेहऱ्याच्या मापाने घडवलेला असतो. उपचार चालू असताना गिळता येत नाही, माणूस वाळतो आणि मुखवटा सैल होतो. आपल्याकडच्या बाया "सैल झाला, आता टोचत नाही" म्हणून खूश होतात. खरे तर तेव्हाच टेक्निशियनला सांगायला हवे. गरज वाटली तर ते नवा करतात, नकाशाही पुन्हा काढतात.

आणि भीती! खोलीचे जाड दार बंद होते, बाई एकटी उरते. अंग ताठ होते, नंतर सैल पडते आणि जागा सरकते. तिला आधी तिच्या भाषेत सांगितले की किरण दुखत नाहीत, बाहेरून कॅमेऱ्यात तुम्ही दिसत आहात, त्रास झाला तर हात हलवा, तर ती निवांत पडून राहते. समजावून सांगणे हे उपकाराचे काम नाही, तो उपचाराचाच भाग आहे.

म्हणून सरकारकडे मागणी करताना नुसते मशीन मागू नका. मशीनबरोबर जागा तपासण्याची प्रतिमा-यंत्रणा, ती चालवणारी पुरेशी माणसे, मराठीतून सूचना आणि शेजारी बायकांचा स्वच्छ संडास, हे सगळे मागा. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचार बसतात. आपल्याला कुठल्या पद्धतीचे किरण मंजूर झाले, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारण्यात संकोच नको.

आणि घरात कुणी शेक घेत असेल तर एवढे सांभाळा. अंगावरच्या खुणा साबणाने घासू नका, पुसट झाल्या तर घरच्या पेनाने गिरवू नका, तिथेच दाखवा. पाण्याचे माप आणि वेळ कागदावर लिहून घ्या. वजन उतरले तर सांगा. रोज जागा कशी तपासता, हे एकदा विचारा. टेबलावर काही टोचत असेल, पाठ दुखत असेल तर मशीन सुरू होण्याआधी बोला. सोसणे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. या टेबलावर मात्र गप्प राहून सोसणारी बाई हळूच कूस बदलते आणि नेम हुकतो. बोलणारीला नीट झोपवता येते.