आपला खेळाडू कोण?

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा घरी आला तो प्लेस्टेशन पाठीवर घेऊनच. पहिल्याच रात्री जेवणं झाल्यावर त्याने मला टीव्हीसमोर बसवलं आणि विचारलं, "मामू, क्लब कुठला घेणार?"

ज्यांच्या घरात अजून हा प्रकार शिरलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फुटबॉलच्या या खेळात करिअर मोड म्हणून एक भाग असतो. त्यात तुम्ही एखाद्या क्लबचे मॅनेजर होता. सामने खेळणं हे अर्धंच काम. बाकीचं काम म्हणजे खेळाडू विकत घेणं, विकणं, पगार ठरवणं, संचालक मंडळाच्या अपेक्षा सांभाळणं आणि अकॅडमीत पोरं तयार करणं. एकामागून एक मोसम करत दहा-पंधरा वर्षं क्लब चालवता येतो.

भाच्याने स्वतः मँचेस्टर सिटी घेतली होती. पैसा अमाप, त्यामुळे दोन मोसमांत जगातले निम्मे नामांकित खेळाडू त्याच्याकडे जमा झाले होते. सगळ्या ट्रॉफ्या जिंकून झाल्या होत्या आणि साहेब कंटाळले होते. "आता काय करायचं कळत नाही," म्हणाला. ही तक्रार त्याची एकट्याची नाही. म्हणून जुने खेळणारे स्वतःवरच एखादी अट घालून घेतात. कुणी सगळ्यात खालच्या डिव्हिजनमधला क्लब घेऊन वर चढतो, कुणी फक्त अकॅडमीतल्या पोरांवर संघ उभा करतो.

मी ॲथलेटिक बिल्बाओ घेतला, आणि त्या क्लबची खरी अटही घेतली. ती काय आहे हे सांगण्यासाठीच हा लेख आहे, कारण त्या अटीने मला खेळाबाहेरचा विचार करायला लावलं.

स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रदेश आहे. त्याची भाषा युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याच जिवंत भाषेशी नातं सांगत नाही. तिथल्या बिल्बाओ शहरातला हा क्लब 1898 चा. साधारण 1912 पासून त्याने एक पथ्य पाळलं आहे: संघात खेळेल तो बास्क प्रदेशातला. बाहेरून कितीही मोठा खेळाडू मिळत असला तरी घ्यायचा नाही. एवढ्या लहान मुलखातल्या पोरांवर चालणारा हा क्लब स्पेनच्या पहिल्या डिव्हिजनमधून आजवर एकदाही खाली गेलेला नाही. असं सांगू शकणारे दुसरे दोनच क्लब आहेत, रिअल माद्रिद आणि बार्सिलोना. ते दोघे जगभरातून खेळाडू आणतात.

याची किंमतही त्यांनी मोजली आहे. शेवटचं लीग विजेतेपद 1984 चं. त्याच वर्षी जिंकलेला कोपा देल रे पुन्हा हाती यायला 2024 उजाडलं. शेजारच्या रिअल सोसिएदादनेही असंच पथ्य पाळलं होतं, पण 1989 मध्ये त्यांनी जॉन आल्ड्रिज या लिव्हरपूलच्या खेळाडूला घेऊन ते सोडलं. बिल्बाओने नाही सोडलं.

आता खेळाकडे येतो. पहिल्याच मोसमात मला एक विचित्र अनुभव आला. तिजोरी भरलेली आणि बाजार बंद. खऱ्या क्लबचंही हेच आहे. 2018 मध्ये त्यांचा लापोर्त मँचेस्टर सिटीने साडेसहा कोटी युरोंना नेला आणि त्याच वर्षी गोलकीपर केपा चेल्सीने आठ कोटी युरोंना. एवढा पैसा आला, पण तो घेऊन जायचं कुठे? नियमात बसणारे खेळाडू मोजकेच, आणि ते ज्यांच्याकडे आहेत त्यांना तुमची गरज ठाऊक असल्यामुळे भाव चढलेले.

माझा डावा बॅक जायबंदी झाला तेव्हा भाच्याचा हात सवयीने ट्रान्सफरच्या पानाकडे गेला. मी म्हटलं, नाही. मग आम्ही बाकावर बसून असलेल्या एका विंगरला बॅकची जागा शिकवायला घेतली. या खेळात खेळाडूसाठी डेव्हलपमेंट प्लॅन लावता येतो, पण त्याला आठवडेच्या आठवडे जातात. तोवर तो चुकतो, गोल खातो, तुम्ही दात-ओठ खात बघत राहता. भाचा म्हणाला, "यात मजा काय?" तीन महिन्यांनी त्याच पोराने एक गोल वाचवला तेव्हा मात्र सोफ्यावरून उडी मारणारा तोच होता.

अकॅडमीचंही तसंच. स्काऊट पाठवायचा, महिन्याने अहवाल येतो, त्यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची नावं असतात. प्रत्येकापुढे दोन आकडे: आज किती आणि पुढे किती होऊ शकेल. दुसरा आकडा मोघम असतो. भाचा त्याच्या क्लबात मोठा आकडा नसलेली पोरं एका बटणाने काढून टाकायचा. त्याला परवडत होतं, उद्या दुसरा विकत घेता येतो. मला परवडत नव्हतं. बाजार बंद असला की पोर टाकून देता येत नाही, त्याला शिकवावंच लागतं.

वीसेक वर्षं वर्गावर उभा राहिलेल्या माणसाला हे वाक्य जरा लागतं. कारण आम्हीही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोरांपुढे आकडे लिहून मोकळे होतो. हा निघेल, हा नाही निघणार. कागदावर नाही, मनात. आणि मग "नाही निघणार" वाल्याकडे आमची नजर वर्षभर जात नाही.

पण खरा पेच वेगळाच होता, आणि तो भाच्यानेच काढला. संघाची यादी बघताना त्याने इन्याकी विल्यम्सवर बोट ठेवलं. "मामू, याच्यापुढे घानाचा झेंडा आहे. हा तुझ्या नियमात बसतो का?"

इन्याकीची गोष्ट मी त्याला सांगितली. त्याचे आई-वडील घानाचे. सहारा ओलांडून, काही वाट अनवाणी पायांनी तुडवून ते स्पेनच्या हद्दीत पोहोचले. वडिलांच्या तळपायांची जी होरपळ झाली ती कायमची राहिली. बिल्बाओत एका पाद्र्याने त्यांना आधार दिला. 1994 मध्ये मुलगा झाला तेव्हा त्यांनी त्या पाद्र्याचंच नाव त्याला दिलं, इन्याकी. ठेठ बास्क नाव. धाकटा भाऊ निको पुढे पाम्प्लोनात जन्मला. दोघेही याच मातीत खेळायला शिकले आणि दोघेही या क्लबाचे झाले. इन्याकी 2016 ते 2023 या काळात लीगचे सलग 251 सामने खेळला, एकही न चुकवता. देशाकडून खेळायची वेळ आली तेव्हा थोरल्याने आई-वडिलांचा घाना निवडला, धाकट्याने स्पेन. 2024 च्या युरो कपच्या अंतिम सामन्यात स्पेनचा पहिला गोल निकोने केला.

एकाच आईची दोन मुलं, एकाच क्लबात. खेळाच्या पडद्यावर मात्र एकापुढे एक झेंडा, दुसऱ्यापुढे दुसरा. खेळाडू शोधताना राष्ट्रीयत्वाच्या फिल्टरमध्ये स्पेन टाकलं तर निको सापडेल, इन्याकी नाही. बास्क असा फिल्टरच नाही. स्काऊट पाठवायचा तर देशात पाठवता येतो, मुलखात नाही. कोण कुठे वाढला, कुठल्या गल्लीत चेंडू लाथाडायला शिकला, हे त्या यंत्राला विचारताच येत नाही. त्याला फक्त झेंडा कळतो.

बिल्बाओच्या लोकांनाही हे एका दिवसात कळलेलं नाही. त्यांचं पथ्य घटनेत लिहिलेलं नाही, ते परंपरेने चालत आलं आहे आणि काळाबरोबर रुंदावत गेलं आहे. आधी बिस्काया या एकाच प्रांतातले, मग सगळ्या बास्क प्रांतांतले, मग जन्म कुठलाही असो, ज्यांचं फुटबॉल इथे घडलं ते सगळे. क्लबच्या पहिल्या संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, योनास रामाल्यो, खेळायला 2011 साल यावं लागलं. आज त्याच क्लबात सेनेगलमध्ये जन्मून नवारात वाढलेला आदामा बोइरो आहे. 2025 मध्ये मरोआन सन्नादी आला. आई-वडील मोरोक्कोचे, जन्म व्हिटोरियाचा. म्हणजे बास्कच.

आपल्यातले काही म्हणतील, एवढं लांब बिल्बाओला कशाला गेलात, आपलं कोलकात्याचं मोहम्मेडन स्पोर्टिंग नव्हतं का? होतं की. 1934 मध्ये कलकत्ता लीग जिंकणारा पहिला भारतीय क्लब तोच, आणि तेव्हापासून सलग पाच वर्षं त्याने ती लीग जिंकली. त्याचा अभिमान मलाही आहे. पण तो संघ बंगालबाहेरूनही मुस्लिम खेळाडू जमवून उभा केला होता. तिथे आपलेपण कौमवरून ठरलं, बिल्बाओत ते मातीवरून ठरतं. माझा प्रश्न मातीचा आहे, म्हणून मी बिल्बाओला गेलो.

तो प्रश्न असा. माझ्या घरात दख्खनी बोलली जाते, शाळेत मी उर्दू शिकलो, अंगणात आणि बाजारात मराठी. दोन्ही भाषा शिकवून मी पोट भरतो. तरीही आजवर कितीतरी वेळा, अगदी चांगल्या मनाच्या माणसांनी मला विचारलं आहे, "तुमचं मराठी किती छान आहे हो, कुठे शिकलात?" विचारणाऱ्याला कौतुकच करायचं असतं. पण तो फिल्टरमधून बघत असतो. नावापुढे त्याला एक झेंडा दिसतो आणि त्या झेंड्याला ही भाषा जुळत नाही.

फिल्टर आपल्याकडेही आहे. मराठीत लिहायला लागलो तेव्हा बिरादरीतलेच म्हणाले, "हे कुणासाठी लिहितोस? उर्दूचं काय?" आमच्यातल्याच पोराने मराठीत भाषणाचं बक्षीस आणलं तर टाळ्या जरा हळू वाजतात. ज्या मातीत सात पिढ्या पुरल्या, तिची भाषा आपली म्हणायला आपण स्वतःच कचरतो आणि मग दुसऱ्यांनी आपल्याला परकं धरलं की रडतो. दोन्हीकडे रोग एकच.

बिल्बाओची गोष्ट सांगितली की कुणीतरी म्हणणारच, बघा, भूमिपुत्रांचं धोरण चालतं. मला त्यांना एवढंच सांगायचं आहे की ते धोरण पूर्ण वाचा. तीसेक लाखांच्या मुलखात तुम्ही बाहेरचा बाजार बंद केलात, तर आतलं एकही पोर नाकारणं तुम्हाला परवडत नाही. घानाहून चालत आलेल्या बाईचं पोर, मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबाचं पोर, सगळ्यांना मोजावं लागतं, शिकवावं लागतं. "फक्त आपलेच" म्हणायचं आणि आपल्यांतलेच काही वगळायचे, असं त्यांनी केलं असतं तर संघात अकरा जणही उरले नसते. हे पथ्य भिंत म्हणून पाळायचं की शाळा म्हणून, यावर सगळं ठरतं.

यातही अन्याय आहे, हे मी लपवत नाही. सेव्हियातल्या एखाद्या गुणी पोराला त्या क्लबाचं दार बंदच आहे. बास्क प्रदेश सधन आहे, तिथे गावोगाव फुटबॉल आहे, म्हणून हे जमतं, हेही खरं. जगातल्या प्रत्येक क्लबाने तसंच करावं असं मी म्हणणार नाही. पण त्यांचा अभिमान कुठून येतो तेही पाहिलं पाहिजे. फ्रँकोच्या राजवटीत त्यांची भाषा दाबली गेली, झेंड्यावर बंदी होती. फ्रँको गेल्यावरही ती लगेच उठली नाही. 1976 च्या डिसेंबरात बिल्बाओ आणि सोसिएदादच्या कर्णधारांनी तो बंदीतला झेंडा मिळून मैदानात आणला. ज्यांच्याकडून आपलेपण हिसकावून घेतलं गेलं होतं, त्यांच्याच नातवंडांनी ते इन्याकीला दिलं. हिसकावलं जाण्याचं दुःख माहीत असलेल्यांनी दुसऱ्याला आत घेणं, हे मला त्या 2024 च्या कपापेक्षा मोठं वाटतं. आपल्यालाही ते दुःख माहीत आहे. आपण कुणाला आत घेतो, हा प्रश्न त्यामुळे आपल्यालाही आहे.

सुट्टी संपत आली तेव्हा आमचा पाचवा मोसम चालू होता. लीग जिंकली नव्हती, चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचलो होतो. अकॅडमीतून एक सतरा वर्षांचा पोरगा वर घ्यायचा होता. नाव खेळानेच कुठूनतरी जुळवून ठेवलेलं, बास्क तर मुळीच वाटत नव्हतं. गाव कुठलं, ते खेळ सांगत नाही. मी थांबलो. नियमात बसतो की नाही कसं ठरवायचं?

भाच्याने माझ्या हातातून कंट्रोलर घेतला.

"मामू, दोन वर्षं आपल्याकडेच शिकला ना? मग आपला," म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं.