‘इंटरेस्ट’चे अर्थ आणि अनर्थ

इंग्रजीतील काही शब्द दिसावयास साधे, पण व्यवहारात मोठे फसवे असतात. ‘इंटरेस्ट’ हा त्यांपैकीच एक होय. बँकेत त्याचा अर्थ व्याज, वर्गात गोडी, राजकारणात हितसंबंध, तर कायद्यात मालमत्तेतील हक्क. मराठीत या प्रत्येकास स्वतंत्र शब्द आहे. इंग्रजीत सारा भार संदर्भावर पडतो.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मध्ये असणे’ आणि त्यावरून ‘फरक पडणे’. मध्ययुगीन युरोपात चर्चने व्याजबट्ट्यास मनाई केली होती. परंतु कर्ज मुदतीत न फिटल्याने धनकोचे जे नुकसान होई, त्याची भरपाई क्षम्य मानली जाई. त्या भरपाईचे हे नाव पुढे व्याजालाच चिकटले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा शब्द दुसऱ्या ठिकाणी चकवतो. खाटीक आणि पाववाला आपल्या ‘इंटरेस्ट’साठी माल विकतात, असे अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये मांडले. परीक्षेच्या टिपणांत त्याचा ‘स्वार्थ’ होतो आणि १७५९ मध्ये नीतिभावनांवर ग्रंथ लिहिणारा स्मिथ लोभाचा पुरस्कर्ता ठरतो. ‘स्वार्थ’ या शब्दास दुसऱ्याच्या हानीचा वास आहे. ‘स्वहित’ या शब्दास तो नाही.

विद्यार्थ्याचे यात फार तर चार गुण जातील. कर्जदाराचे घर जाऊ शकते. २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्याच्या पूर्ण नावातच ‘सिक्युरिटी इंटरेस्ट’ हे पद आहे. त्याचा व्याजाशी संबंध नाही; तारण मालमत्तेवरील धनकोचा हक्क, असा त्याचा अर्थ. कर्ज अनुत्पादक ठरल्यावर बँक नोटीस देते आणि साठ दिवसांत रक्कम न भरल्यास न्यायालयात न जाताही तारणाचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. हे पद व्याजाच्या हिशेबाचे समजून जो कर्जदार कागद बाजूस ठेवील, त्याचे हे साठ दिवस वाया जातील.

तेव्हा कर्जाच्या कागदांवर ‘व्याज’ आणि ‘तारण-हक्क’ हे दोन शब्द ठळक मराठीत, वेगवेगळे छापले जावेत, ही मागणी भाषाभिमानाची नव्हे, न्यायाची आहे. ज्या कागदावर ऋणको सही करतो, तो त्यास समजलाच पाहिजे. ज्या भाषेत हे भेद आधीच स्पष्ट आहेत, तिचा उपयोग करण्यास बँकांना कोणती अडचण असावी?