बुधवारची डागडुजी

बालमित्रांनो, एक सोपा प्रश्न विचारते. तुमच्या घरचा कॉम्प्युटर शेवटचा कधी अपडेट झाला? आठवत नाही ना! "तो आपोआप होतो की, बाई," असं तुमच्यातले बरेच जण म्हणतील. होतो, पण दर वेळी होतोच असं नाही. म्हणून आज ही डागडुजी आपल्या हातानं कशी करायची ते बघू या.

आधी अपडेट म्हणजे काय ते समजून घ्या. कॉम्प्युटर सुरू झाला की त्याचा सगळा कारभार ऑपरेटिंग सिस्टीम बघते. कुठला प्रोग्रॅम चालवायचा, फाइल कुठं ठेवायची, प्रिंटरला काय सांगायचं, ही सगळी तिची कामं. बऱ्याच घरांत ही सिस्टीम म्हणजे विंडोज. ती माणसांनीच लिहिली आहे. एवढ्या मोठ्या लिखाणात चुका राहणारच. काही चुका साध्या असतात, तर काहींमधून चोराला आत यायला वाट मिळते. आमच्या माढ्यात रावरंभा निंबाळकरांचा जुना किल्ला आहे. किल्ल्याचा दरवाजा कितीही भक्कम असला, पण तटालाच भगदाड पडलं, तर त्या दरवाजाचा काय उपयोग? आधी भगदाड बुजवायला हवं. अपडेट हेच काम करतो.

भगदाड बुजवलं नाही तर काय होतं? २०१७ सालची गोष्ट ऐका. एक कॉम्प्युटर दुसऱ्याला फाइली देतो-घेतो, विंडोजच्या त्या भागात एक मोठी फट सापडली. मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चला ती बुजवणारा अपडेट दिला, तोही फुकट. पण असंख्य लोकांनी तो घेतलाच नाही. बरोबर ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस त्याच फटीतून घुसला. फाइलींना कुलूप लावायचं आणि किल्लीसाठी खंडणी मागायची, हा त्याचा धंदा. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्यानं अडकवले. ब्रिटनमध्ये तर सरकारी दवाखान्यांतल्या रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि ऑपरेशनं रद्द करावी लागली. ज्यांनी मार्चचा अपडेट घेतला होता, त्यांच्याकडे मात्र ही वाट बंद होती.

हे झालं परदेशातलं, असं म्हणू नका. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' आला. त्यानं उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. आपल्याकडची द्राक्षं, डाळिंबं याच बंदरातून परदेशी जातात. कुठला कंटेनर कुणाचा, हेच तिथं कळेना! नॉटपेट्यालाही तीच फट ठाऊक होती. शिवाय एका कॉम्प्युटरमध्ये शिरला, की तिथले पासवर्ड चोरून तो शेजारच्या अपडेट केलेल्या कॉम्प्युटरमध्येही जात होता. म्हणजे आपण फट उघडी ठेवली, तर धोका आपल्या एकट्यालाच नसतो.

मग 'आपोआप' कुठं अडतं? कॉम्प्युटर रविवारी तासभर लावायचा आणि लगेच बंद करायचा, अशी सवय असली की अपडेटला वेळच मिळत नाही. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेतलं असेल, तर डेटा वाचावा म्हणून घरात कुणीतरी ते 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवलेलं असतं. मग विंडोज बरेचसे अपडेट स्वतःहून उतरवून घेत नाही. आणि कुणी 'पॉज' दाबून ठेवलं असेल, तर विचारायलाच नको.

आता कृती. विंडोज ११ मध्ये 'स्टार्ट'वर जा, 'सेटिंग्ज' उघडा. डाव्या बाजूला 'विंडोज अपडेट' दिसेल. तिथं 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. काही सापडलं आणि 'डाउनलोड' किंवा 'इन्स्टॉल' असं बटण दिसलं, तर तेही दाबा. शेवटी 'रीस्टार्ट' मागेल, तो करायचाच. पुष्कळ जण इथंच टाळाटाळ करतात आणि काम अर्धवट राहतं.

मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते. म्हणून दुसऱ्या मंगळवारनंतरचा बुधवार लक्षात ठेवा. शेकडो एमबी डेटा लागू शकतो, तेव्हा आई-बाबांना आधी विचारा.

तीन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली, महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून घ्या आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवा. दुसरी, लाइट जायच्या वेळेला अपडेट सुरू करू नका, आणि चालू असताना बटण बंद करू नका. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. तिसरी, इंटरनेट बघताना "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, इथं दाबा" अशी पाटी आली, तर मुळीच दाबू नका. विंडोजचा अपडेट 'सेटिंग्ज'मध्येच मागायचा.

आणि हो, घरी विंडोज १० असेल, तर मोठ्यांना सांगा, की त्याचे नेहमीचे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मुदत वाढवून घेता येते का, की विंडोज ११ चालेल, हे जाणकाराला विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. 'विंडोज अपडेट'मध्येच 'अपडेट हिस्टरी' आहे. ती उघडा, शेवटची तारीख वहीत लिहा आणि घरातल्यांना दाखवा. तारीख दोन महिन्यांपूर्वीची निघाली, तर पुढचं काय करायचं, ते आता तुम्हांला ठाऊक आहेच!